मिनिटाचा भाव

रबाळ्याच्या आमच्या गाळ्यात प्रेस एकच.
दोन पाळ्यांची मिळून नऊशे साठ मिनिटं,
त्यात डाय बदलताना दिगंबर शिव्या घालतो
तो वेळ धरलेला नाही.
प्रेसमधून निघालेल्या रबराची कड
नजमुन्निसा ब्लेडने काढते.
तिची पाळी एक. चारशे ऐंशी.

अंथरूण पाहून पाय पसरावे, वडील म्हणायचे.
अंथरूण एवढंच, आणि पाय तिघांचे:
कुकरचं गॅस्केट, नळाची रिंग,
म्हाताऱ्यांच्या काठीचा बूट.

गॅस्केटमागे अकरा रुपये सुटतात,
पण ते प्रेसमध्ये सहा मिनिटं शिजतं.
बुटामागे सात, त्याला पाच मिनिटं.
रिंगेमागे दोनच, पण मिनिटाला एक.
म्हणजे प्रेसच्या मिनिटाला रिंगच भारी,
असं मार्चमध्ये मी भावाला पटवलं
आणि बारा दिवस नुसत्या रिंगा काढल्या.

रोज रात्री चारशे ऐंशी रिंगा
कडेसकट पोत्यात.
रिंगेची कड काढायला नजमाला
अख्खं मिनिट लागतं
हे मी मोजलंच नव्हतं.
तिला विचारलंही नव्हतं.
जिना चढताना अजून गंधकाचा वास येतो.

काल रविवार. गाळा बंद,
पारसिकच्या डोंगराकडून गरम वारा.
चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर पुन्हा मांडलं.
दोन रेघा ओढल्या, एक प्रेसची, एक हातांची,
आणि त्या एकमेकींना छेदून गेल्या तिथे
एकशेवीस गॅस्केटं, दोनशे चाळीस रिंगा.
दिवसाला अठराशे. पोत्यात काही नाही.
बूट शून्य.

तिथेच उठायला हवं होतं.
पण या हिशेबाला शेपूट असतं,
ते मिनिटाचा भाव सांगतं:
अजून एक मिनिट मिळालं, तर किती?
प्रेसचं, पावणेदोन रुपये.
नजमाचं, पंचवीस पैसे.

तीनदा तपासलं.
बरोबर आहे. ती कमी राबते म्हणून नव्हे,
तिच्यापुढे प्रेस आडवा बसलाय म्हणून.
तासाला त्याचे एकशे पाच, हिचे पंधरा.
गेल्या मंगळवारी डबा धुताना ती म्हणाली होती,
ताई, रोज एक तास ओव्हरटाइम मिळेल का?
बघते, म्हटलं होतं.

बघितलं.

बुटाचंही त्याच कागदाने सांगितलं:
एक काढा, दोन रुपये घालवा.
ऐरोलीचे मोरेश्वर तांडेल रोज बारा नेतात,
ॲल्युमिनियमच्या काठ्यांना बसवतात,
प्रत्येक बूट अंगठ्याने दाबून बघतात
जणू आंबाच घेतायत.
बारा दुणे चोवीस.
मी गॅस्केटं एकशे आठ केली,
रिंगा दोनशे बावन्न, बूट बारा.
सतराशे शहात्तर.
चोवीस कुठे गेले, भाऊ विचारेल.
चहात, म्हणेन.

आज सकाळी दिगंबरने फळ्यावरचे आकडे वाचले,
काही न बोलता बुटाची डाय शोधायला गेला.
नजमा ब्लेड बदलत होती.
तिच्या डाव्या अंगठ्यावर रबराची काळी रेघ आहे,
ती साबणाने जात नाही.
ताई, त्या ओव्हरटाइमचं?

खिशात पंधरा रुपयांचा कागद.
तोंडात नकार तयार.
आणि नजर कशी कोण जाणे जिन्याखाली गेली.

ती पोती हिशेबात धरलीच नव्हती.
पाच हजार सातशे साठ रिंगा,
त्यांना आता प्रेस नको.
शिजून झाल्यात, फक्त हात हवेत.
मिनिटाला दोन रुपये. तासाला एकशेवीस.
प्रेसपेक्षा पंधरा जास्त.

आजपासून ये, म्हटलं. शहाण्णव दिवस.
शहाण्णवच का, तिने विचारलं.
माझी चूक तेवढीच आहे, असं सांगितलं नाही.

सत्त्याण्णवाव्या दिवसाचा भाव
मी अजून काढलेला नाही.