थंड लोखंड

आमच्या गावात चार शब्द नव्हते.
म्हणजे होते, पण बोटीवर नव्हते,
आणि ज्या घरचा माणूस बोटीवर, त्या घरातही नव्हते.
चिखलात लोळणारा तो 'थंड लोखंडाचा',
रविवारी उपदेश करणारा तो 'काळा कोट',
नदी चढून जाणारी ती नुसती 'तांबडी'.
सशाला तर नावच नव्हतं, दोन बोटं वर करायची.
जीभ घसरलीच, तर जवळचं लोखंड गाठायचं,
बिजागरी, चुलीचं दार, बुटाचा खिळा,
आणि "थंड लोखंड!" म्हणत
समुद्राने ऐकायच्या आत शब्द मागे ओढायचा.

मी सात वर्षांची होते. मंगळवार.
लापशीच्या वाटीवर मान टाकून
अर्धवट झोपेत म्हणाले,
डुक्कर.
का, ते आठवत नाही. बहुतेक वाटीवर चित्र होतं.
बाबा दाराशी बुटांत पाय घालत होते.
त्यांना ऐकू गेलं नसावं.
किंवा गेलं असावं, आणि उशीर झाला असावा.

'ग्लीनर' गुरुवारी यायची, ती आली नाही.
शुक्रवारी बाकीच्या सगळ्या आल्या.
शनिवारी एक पिंप आलं, बूच घट्ट बसलेलं,
आतून कोरडं.

मग आमच्या स्वयंपाकघरात बायका जमल्या.
वाऱ्याबद्दल कोणी बोललं नाही.
इंजिनाबद्दलही नाही,
ज्याची दुरुस्ती मालकाने दोन हंगाम पुढे ढकलली होती.
चहा निवत गेला, आणि त्या एकेक करून
आपापला गुन्हा टेबलावर ठेवू लागल्या.
जेसी काउई म्हणाली, मी त्याला मागून हाक मारली,
रुमाल विसरला होता म्हणून.
म्हातारी बाथिया म्हणाली, मी पाव उलटा ठेवला,
बोट उलटावी तसा.
नेटा स्लेटरच्या लग्नाला अकरा आठवडे झाले होते.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, मी शिट्टी वाजवली.
मी खूश होते.

मी टेबलाखाली होते,
माझा शब्द घशात, काट्यासारखा आडवा.
रांगत बाहेर आले आणि सांगून टाकलं.

घड्याळ तेवढं चालू राहिलं.
आई माझ्याकडे न बघता म्हणाली,
"हिच्या आधी मीच चादरी धुतल्या होत्या.
बोट निघायच्या दिवशी, बाईने काही धुऊ नये त्या दिवशी.
सकाळपासून दोरीवर होत्या. तुम्ही पाहिल्या असतीलच."

मंगळवारी पाऊस होता.
दोरी रिकामी होती, मी खिडकीतून पाहिली होती.
पण बाथियाने मान हलवली. मग जेसीने.
"हो एल्सपेथ," त्या म्हणाल्या, "पाहिल्या आम्ही."
आणि कोणीतरी माझ्या हातात
लोणी लावलेला पाव दिला, सुलटा धरून.

आता मी अ‍ॅबर्डीनला संभाव्यता शिकवते.
फळ्यावर सांगते, सीगल बसायला
आणि डोलकाठी मोडायला एकच गाठ पडते,
त्यात सीगलचा काही हात नसतो.
पोरं वहीत उतरवून घेतात.
एकाने विचारलं, मग लोक मानतात कशाला?
मी म्हटलं, मेंदूला जोड्या लावायची खोड असते.
परीक्षेला एवढं पुरतं.
फळा पुसताना वाटलं,
त्या टेबलावर कोणी जोड्या लावत नव्हतं.
समुद्राशी भांडता येत नाही,
मालकाशी भांडायची ताकद नव्हती,
मग उरलं काय, तर आपलाच हात, आपलीच जीभ.
निदान ते घरचं होतं.

आई एक्क्याण्णव वर्षांची आहे.
परवा तिने नर्सला सांगितलं,
मी चादरी धुतल्या आणि माझा नवरा गेला.
खरंच वाटतं तिला आता.
मी म्हटलं, आई, त्या दिवशी पाऊस होता गं.
ती म्हणाली, होता ना,
वाळतच नव्हत्या मेल्या.

मी काही बोलले नाही.
पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून बसून राहिले.
लोखंडाचा होता. थंड होता.
बराच वेळ काढवेना.