चोथा

घणसोली स्टेशनाबाहेरच्या गाडीवरून
रोज एक गोणी येते आमच्या रबाळ्याच्या लॅबमध्ये.
पिळून झालेल्या मोसंब्यांच्या साली.
रामसुरत पैसे घेत नाही.
"कचऱ्याचे कसले पैसे, मॅडम?"
माश्या जमायच्या आत गोणी गेली, हाच त्याचा नफा.

आतली पांढरी गादी सोडवायची,
आंबट पाण्यात तासभर ठेवायची, पंच्याऐंशी अंशांवर.
पाण्याला हळूहळू वजन येतं,
चमचा जड होतो.
मोकल तात्या मलमलीतून गाळतात
आणि निवलेल्या पाण्यात मी स्पिरिट ओतते.

इथे दरवेळी आमचं बोलणं थांबतं.
काहीच नसलेल्या पाण्यातून
काहीतरी वर येतं,
दुधट, लिबलिबीत,
गाबोळीसारखं.

वहीत मी लिहिते : पेक्टिन. उतारा अठरा टक्के.
साखरेच्याच कुळातलं,
शेकडो कण हातात हात घालून उभे,
पण जिभेला गोड न लागणारे.

तात्यांनी विचारलं, फळात हे करतं काय?
म्हटलं, दोन पेशींच्या मध्ये बसतं, भिंती धरून ठेवतं.
ते सुटत गेलं की फळ मऊ पडतं.
"म्हंजे चिखल," तात्या म्हणाले. "यो तं आमच्या खारीचा बांध."

त्यांची भातखाचरं इथेच होती, खाडीला लागून.
आता तिथे सेक्टरचा नंबर आहे.
भरतीच्या रात्री बाप कंदील घेऊन जायचा,
उघाडीची फळी नीट बसली का बघायला.

"आन् पोटात?"

पोटातही तेच, तात्या.
साखरेला एकदम रक्तात शिरू देत नाही,
उघाडीपाशी अडवतं, थोडी थोडी सोडतं.
पित्ताला धरतं, बाहेर घेऊन जातं,
मग नवं पित्त करायला यकृत
रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्ची घालतं.
आपल्याला मात्र ते पचत नाही.
पार खाली, मोठ्या आतड्याच्या वळणांत
कोट्यवधी जीव पंगतीला बसलेले असतात,
हे त्यांचं पान.
ते जेवले की आतड्याचं अस्तर धड राहतं.

(किती खाल्लं तर, किती दिवसांत, कुणाला,
ते अजून मोजतोय आम्ही.
गोळी बंद करू नका.)

तात्यांनी शर्टाचा खिसा चाचपला.
गोळी होती.

संध्याकाळी दोघं गाडीपाशी थांबलो.
रामसुरतने सवयीने गाळणं उचललं.
"नको गाळू," तात्या म्हणाले.
"चोथा येईल तोंडात."
"येऊ दे."

तात्या रस चावत चावत प्यायले,
सावकाश, भाकरी खावी तसे.
मिशीवर पांढरे कण.
खाडीच्या बाजूला बोट करून काही सांगणार होते,
तेवढ्यात बस आडवी आली.

गाळला नाही म्हणून
रामसुरतने पाच रुपये कमी घेतले.