बिल्ला एकशे बारा

सकाळी साडेदहाला टिळकवाडीचा रस्ता
वरातीत घुसलेल्या म्हशीसारखा होतो.
हलत नाही, हललाच तर कुणाच्या तरी पायावर.
दुसऱ्या रेल्वे फाटकाचा दांडा खाली,
मिरजेची पॅसेंजर दिसत नाही, दिसेल,
आणि येळ्ळूरची बस पोरांनी इतकी ठासलेली
की कंडक्टरचा नुसता आवाज बाहेर पडतो:
मुंद होग्री, मुंद होग्री.
पुढं कुठं जायचं? पुढं काच आहे.

मी भरमाण्णा मुचंडी. कॉलेजचा पार्किंगवाला.
शिट्टी माझी, चुन्याच्या रेघा माझ्या,
पत्र्याचे तीनशे बिल्ले माझे.
गाड्या तीनशे साठ.
उरलेल्या साठांचं काय, ते कमिटीला विचारा.
कमिटी वर्षातनं दोनदा बसते
आणि तिच्या मोटारी माझ्याच रेघांवर बसतात,
आडव्या.

माझ्या रांगेत बेळगाव, चिकोडी, बैलहोंगल, चंदगड
हँडलला हँडल लावून उभे असतात.
सीमेचा दावा तिकडं कोर्टात.
इथं दावा फक्त साइड स्टँडचा:
एक कलंडली की अकरा जातात.

कडुनिंबाखालची काळी गाडी
मार्चपासून हलली नव्हती.
पोरगा चंदगडकडचा, तुडयेचा.
शेवटच्या पेपराला बिल्ला घेतला,
"मामा, सावलीत लावतो हं," म्हणाला,
संध्याकाळी आला नाही.
कुणी म्हणालं भरतीत लागला, कुणी गोव्याला गेला,
त्याचे दोस्त काहीच म्हणेनात,
तेच मला खरं वाटत राहिलं.
जूनमध्ये कमिटीचा कागद आला:
बेवारस वाहन, हटवावे.
मी त्याची घडी करून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली.
सीटवर निंबोळ्या, टाकीवर कावळ्याचं.
रोज फडका मारत होतो.
कुणासाठी मारताय, बायकोनं विचारलं.
गाडीसाठी, म्हटलं.

ऑगस्टात एक पोरगी बसमधनं उतरली नाही,
सांडली.
दप्तर, एका पायात चप्पल, मुठीत बिल्ला.
"एकशे बारा. हाय काय वो अजून?"
नाक त्याचंच.
मी काही विचारलं नाही.
तिनं एवढंच सांगितलं, "घरात चालवणारं कोण न्हाई आता.
आनी दोन बस बदलून येतो मी,
दुसरी हितं थांबतच न्हाई."

मग रविवार.
शहापूरच्या मिस्त्रीनं बॅटरी बसवली,
पैसे दोन हप्त्यांत.
रिकाम्या ग्राउंडवर तिनं क्लच सोडला,
गाडीनं उडी मारली,
माझ्या अख्ख्या आठवड्याच्या रेघा
मैदानभर पांगल्या.
चार रविवार मी त्या परत आखल्या.
पाचव्याला चुन्याची बादली कोरडीच राहिली.
मग शिकाऊ लायसन, मग पक्कं,
मग दिवाळीची सुट्टी, ती मला फार लांब वाटली.

सोमवारी दीडला कॉलेज सुटलं.
रस्ता तसाच, म्हैस तशीच.
फाटकाबाहेर पोलिसाची हद्द, माझं काम नाही,
तरी मी मधोमध जाऊन उभा राहिलो
आणि शिट्टी फुंकली.
वाळूचा ट्रक थांबला. रिक्षा थांबल्या.
जी कधी थांबत नाही ती बससुद्धा थांबली,
ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, "एन री इदु?"
मला कानडीत सांगता येईना.
मराठीतही आलं नसतं.

ती गेली.
उजवा इंडिकेटर लावून डावीकडं वळली.

बिल्ला तिनं परत दिला नाही, मी मागितला नाही.
रजिस्टरात एकशे बाराच्या पुढं
मार्चपासून रिकामा होता तो रकाना,
बाहेर जाण्याची वेळ: एक पस्तीस.
शाई वाळायच्या आत मागं हॉर्न वाजला,
कमिटीतल्या कुलकर्णीसरांची मोटार,
काच खाली: "अरे, कडुनिंबाखाली जागा झाली की!"
"न्हाई सर," मी म्हटलं,
"उद्या सकाळी भरतीय."