पाच सेकंद

नियम सोपा होता : पोस्टर पाच सेकंद धरायचं,
मग पालथं करायचं आणि विचारायचं,
काय पाहिलंत?

ग्रिम्सबीच्या धक्क्यावरचा लिलाव सकाळीच आटोपलेला.
उरलेली माणसं आमच्या वाट्याला आली :
लाँड्रीत गरगरणाऱ्या चादरींकडे बघत बसलेली,
चिप्सच्या दुकानात, व्हिनेगरच्या वासात रांग लावून उभी.
टोबियाझ पोस्टर धरी, मी घड्याळ,
कीली फॉर्म भरून घेई,
थंडीने तिचं पेन मधेच रुसे.

फिल्म अकरा मिनिटांची. शेवट अजून चित्रित व्हायचा होता.
बाजारात तुरी,
आणि आमच्यात आधीच अक्षरांच्या वळणावरून भांडण.

पहिलं पोस्टर : धक्क्यावर लाल गमबूट.
लाँड्रीतली बाई म्हणाली, "सेल कधीपर्यंत आहे?"
दुसरं : निळं धुकं, धुक्यात नाव,
फिल्मचं की बोटीचं ते कळेना.
एक म्हणाला बँक. एक म्हणाला, कसलासा साबण.
कीलीने निमूट लिहिलं : साबण.

तिसऱ्यावर हालिना, टोबियाझची बहीण.
काळी-पांढरी, कारण रंगीत शाई संपली होती.
केस तोंडावर, कारण वारा होता.
वर मोठ्या अक्षरांत : ही कुठे गेली?
खाली तारीख, वेळ, खोलीचा नंबर.

पाच सेकंद. पालथं.
रांगेतला म्हातारा गप्पच झाला.
मग म्हणाला, "मंगळवारी पाहिलं मी हिला.
नऊ नंबरच्या थांब्यावर. अंगात कोट नव्हता."

मंगळवारी हालिनाने तास बुडवला होता.
का, ते तिने आम्हालाही सांगितलं नव्हतं.
टोबियाझने माझ्याकडे पाहिलं.
माझ्या हातातलं घड्याळ चालूच.

"अहो, ही फिल्म आहे," कीली म्हणाली.
"असेल," तो म्हणाला,
"पण घरच्यांना कळवा, सापडली म्हणून."

ग्रंथालयाच्या दारावरही एक चिकटवलं होतं.
दुपारपर्यंत कॉलेजच्या कचेरीत चार फोन.
कोणी तिला पुलावर पाहिलं होतं, कोणी दवाखान्याबाहेर,
एकीने तर तिला परवा ब्रेड विकला होता.

ऑलरेनशॉ मॅडमनी फॉर्म मोजले.
"बत्तीसपैकी एकतिसांना चेहरा आठवतो.
फिल्म आहे हे कळलं दोघांना."
मग चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ.
आम्हाला वाटलं, आता मार्कांचं काढतील.
त्या म्हणाल्या, "लोकांची काळजी अशी फुकट खर्च करू नये, बाळांनो."

हालिनाने विचारलं, माझ्या तोंडावर असं आहे तरी काय?
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

रात्री प्रिंटरपाशी बसून ओळ बदलली :
ही हरवलेली नाही.
शुक्रवारी साडेसहाला, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भेटेल.

शुक्रवारी सतरा माणसं, त्यातली नऊ घरची.
म्हातारा पुढच्याच खुर्चीत,
मांडीवर चिप्सची पुडी, न उघडलेली.
पडद्यावर हालिना धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जाते.
ती मागे वळते की नाही यावर आमचं एकमत झालं नव्हतं,
म्हणून कॅमेराच आधी थांबतो.

दिवे लागले तसा तो वळला, तिला शोधत.
ती मागे भिंतीला टेकून उभी.
त्याने मान हलवली. तिनेही हलवली,
शेजारपाजारच्यांनी हलवावी तशी.

मग फॉर्म. आवडलं का?
हो. हो. ठीक. हो. आवाज वाढवा.
"काय बदलाल?" याखाली त्याने एकच ओळ लिहिली,
पेन दाबून, कागद मागून उमटेल इतकी :
मुलीला कोट द्या. तिथे वारा असतो.

कीलीने तक्त्याचं वर्तुळ काढलं,
हिरवा तुकडा, निळा तुकडा, एक बारीक पिवळा.
ती ओळ कुठल्याच तुकड्यात बसेना.
टोबियाझने फॉर्म घडी करून खिशात घातला.

अहवालात आम्ही प्रेक्षक सोळाच धरले.