छातीच्या उंचीवर

आधी विचारलं ते गंपू कोळप्यानं,
करवत अजून पोत्यातच होती.
"भाऊ, हे झाड कागदावर आहे का?"
मी म्हटलं, जमिनीवर आहे, तेवढं पुरे नाही का?
ड्रेनेजची लाइन दोनदा फोडलीय मुळांनी,
पिकली भोकरं पडून दरवर्षी गाड्यांच्या सीटा चिकट होतात,
आणि तळमजल्यावरचे टिपणीस रोज फोन करतात
तोंडावर रुमाल धरून.
तो म्हणाला, "मागल्या साली धनकवडीत एक उंबर पाडला.
दंड मालकाला, करवत माझी जप्त.
तुम्ही आधी कागद बघा."
आणि माझाच चहा पिऊन
पोतं खांद्यावर टाकून चालता झाला.

क्षेत्रीय कार्यालय, दुसरा मजला,
उद्यान विभागाच्या खिडकीत फॉर्म मिळाला.
झाडाचे नाव: भोकर. हे सोपं.
तोडण्याचे कारण: दीड ओळ जागा.
झाडाचे अंदाजे वय.
इथे पेन थांबलं.
सहकारनगरातली आमची सोसायटी, बावीस फ्लॅट,
एकालाही माहीत नाही.
टिपणीस म्हणाले, "चाळीस लिहा.
पन्नाशी ओलांडली की ते वारसा वृक्ष, मग बसा हेलपाटे घालत."
मी स्वतः अडुसष्ट पूर्ण.
मला अजून कुणी वारसा म्हटलेलं नाही.

गुरुवारी शेंडगे मॅडम आल्या स्कूटरवरून,
डिकीत हेल्मेटखाली टेप.
"घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा."
कुणाच्या छातीच्या, मी विचारलं.
"नियमातल्या," म्हणाल्या, हसल्या नाहीत.
टेप माझ्या गळ्याशी आली.
मी टोक धरलं, त्या पलीकडून फिरल्या,
आणि क्षणभर झाडाआड दिसेनाशा झाल्या.
नुसती टेप ताठ,
आणि सालीला गाल टेकवून मी उभा,
चौतीस वर्षांत पहिल्यांदा.
सालीला ओल्या गोणपाटाचा वास होता.
"घेर बराच आहे," पलीकडून आवाज आला,
"पण नुसत्या घेरावरून वय ठरत नाही. काही पुरावा?"

रात्री सोसायटीचं कपाट उघडलं.
मिनिटबुकं, पाणीपट्टीच्या पावत्या, एक वाळलेली पाल,
आणि तळाशी मंजूर नकाशा, निळा, घडीवर फाटलेला,
सन एकोणीसशे एकाहत्तर.
इमारत नव्हतीच अजून, नुसत्या रेघा.
ईशान्येच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या आत
एक लहानसा गोल, हातानं काढलेला, जरा चेपका.
चहाच्या कपाचा डाग तर नव्हे,
म्हणून भिंग लावून पाहिलं.
शेजारी बारीक अक्षर:
असलेले झाड.

असलेले.

मग नकाशाची घडी घातली.
खरं ते सांगतो, परत तळाशीच ठेवला,
वर पावत्या रचल्या,
आणि फॉर्मवर लिहिलं: चाळीस, अंदाजे.

नोटीस लागली. खोडाला, सुतळीनं, प्लास्टिकच्या पिशवीत.
हरकती सात दिवसांत कळवाव्यात.
तिसऱ्या दिवशी समोरच्या बंगल्यातल्या कमलताई
वाचून गेल्या, आणि विचारून गेल्या,
"पाडायच्या आत लोणच्यापुरती भोकरं काढून घेऊ का?"
ही हरकत धरता येत नाही.
पाचव्या दिवशी पिशवीला आतून घाम आला,
सातच्या आकड्याची शाई पसरली.

सहाव्या दिवशी नकाशाची झेरॉक्स घेऊन
मी त्याच खिडकीत.
कारकुनानं वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वाचलं.
"अर्जदार तुम्ही. हरकतही तुमचीच?"
हो.
"आणि वय चाळीस कुणी लिहिलं?"
मीच.
"असा कॉलम नाही हो आमच्याकडे."
दोन्हीवर शिक्का मारा, म्हटलं,
पुढचं तुमचं तुम्ही बघा.
त्यानं मारला. एकदा इथे, एकदा तिथे.
दुसरा जरा फिका उठला.

टिपणीस आता जिन्यात बोलत नाहीत.
लाइन तुंबतेच आहे. प्लंबर म्हणतो, वळवून घ्या,
कोपऱ्याला वळसा घालून,
अठ्ठावीस हजार, मजुरी वेगळी.
वर्गणीचा विषय पुढच्या सभेत.
परवा चप्पल उलटी केली तर
टाचेखाली भोकराची बी, चिकानं घट्ट बसलेली.
काडीनं खरवडत राहिलो पायरीवर बसून,
बराच वेळ.