उष्ट्याचा हिशोब

माझं काम म्हणजे उष्ट्याचा हिशोब.
कुणाच्या ताटात झिटीचे किती तुकडे उरले,
वाइन ग्लासात कुठवर,
सिगरेटची राख किती लांब वाढली होती,
गोळी सुटली तेव्हा भिंतीवर किती वाजले होते.
खून माझ्या वहीत नसतो.
घड्याळ असतं.

नेवार्कला, बंद पडलेल्या बटणांच्या कारखान्यात
सात वर्षं उभं आहे प्लायवुडचं एक स्वयंपाकघर.
खिडकीबाहेर कापडावर रंगवलेलं अंजिराचं झाड.
हिवाळ्याच्या भागांत झाडाला गोणपाट गुंडाळा,
नाहीतर आमची माणसं हसतील,
हे ऑरेस्ते लापेन्नाने सांगितलं, पहिल्याच वर्षी.
त्याच्या बापाने जर्सीच्या थंडीत
असंच एक झाड चाळीस वर्षं जगवलं होतं.

ऑरेस्ते म्हणजे पडद्यावरचा जेरार्डोकाका.
अकरा माणसं मारली त्याने, एक तर सख्खा भाचा.
काका बिनलग्नाचा, म्हणून रोज सकाळी
ऑरेस्ते साबण लावून लग्नाची अंगठी काढायचा
आणि माझ्या तळहातावर ठेवायचा.
"मिस वही, बायको सांभाळ."
रात्री मी परत द्यायची.
सात वर्षांत एकदाही विसरले नाही.

शेवटच्या वर्षी साबण लागेना.

कॉलर सैल पडू लागली, मागून टाचण्या लावल्या.
गालांत कापूस.
पडद्यावरची एकच रात्र आम्ही तीन आठवडे चित्रित करत होतो
आणि त्या एका रात्रीत
हा माणूस सोळा पौंड उतरला.
वहीत मी लिहिलं : कॉलर, पूर्वीसारखी.
पहिलं खोटं.

बाहेर ब्लूमफील्डच्या न्हाव्याकडे पैजा लागलेल्या,
थोरला मरणार की पोरगा फितणार.
शेवट तीन लिहिले होते, लाल कागदांवर,
झेरॉक्स निघू नये म्हणून.
कुठला खरा, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

ऑरेस्ते मंगळवारी गेला, बेलव्हिलच्या हॉस्पिटलात,
तिन्ही शेवटांच्या आधी.
लेखकांनी रात्रभर बसून एक वाक्य काढलं :
"काका फ्लोरिडाला गेलेत."
अकरा खून पचवलेला माणूस
संधिवातासाठी उन्हात पाठवला.

पेटीत तो चांगला दिसत होता. मेकअप आमच्याच बाईचा.
उजवा हात खाली, डावा वर,
डाव्या बोटात अंगठी.
आणि माझा हात आपोआप पुढे झाला,
तळवा वर करून.
सकाळचे नऊ वाजले होते, सवयीची वेळ.
एर्मिनियाने पाहिलं. त्याची बायको.
माझी बोटं हळूच मिटवून म्हणाली,
"आज राहू दे त्याच्याकडे."

गुरुवारी पुन्हा काम.
जेवणाचा प्रसंग अर्धा उरलेला,
त्याच्या बाजूने नव्हे, समोरच्यांच्या तोंडावरून.
पण फ्रेमच्या कडेला त्याचं ताट येत होतं.
ताट हवं होतं. अगदी तसंच.
मी वही उघडली.
झिटी तीन, एक अर्धवट चावलेली.
पाव डावीकडून तोडलेला.
काट्याचं टोक सॉसमध्ये.
पाण्याच्या ग्लासावर ओठाची खूण, पुसट.

ते सगळं मी स्वतः मांडलं.
कुणी न खाल्लेलं उष्टं.
दिव्यांखाली चीज सुकलं की पुन्हा नवं,
चौदा टेक, चौदा वेळा अर्धी झिटी
माझ्याच दातांनी तोडून.

शेवटी दिवे गेले. टाळ्या झाल्या. केक आला.
प्लायवुडच्या भिंतीचे स्क्रू कुणी आत्ताच काढायला लागलं.
सामानाचा नवा पोरगा, क्विन की कोण,
बादली घेऊन टेबलाशी आला,
म्हणाला, "हे कुणाचं? टाकू?"

मी वहीत बघू लागले.