दोन फेरे हातानं

उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत
परशरामदादा माझी नेलपॉलिश मागतो.
पांढरीच पाहिजे;
लाल रंग काळ्या तेलात बुडतो.
एक ठिपका दात्यावर,
एक समोरच्या लोखंडावर,
मग जुना पट्टा उतरवतो.

"साखळी बरी, मरायच्या आधी खडखडते तरी.
पट्टा काय बोलत नाही बघ."
चंदगडच्या मास्तरांचा हा
नव्वद हजार किलोमीटर गप्प होता.
उलटा दुमडला तेव्हा
पोटातल्या भेगा मोजता येईनात.

मल्लेशी टेन्शनरवर पाना धरून म्हणतो, "स्वल्प."
दादा म्हणतो, "जरासं."
पाना फिरतो तेवढाच.

नवा चढला. मास्तर चावी पुढं करतात.
दादा हात आडवा घालतो.
आधी हातानं. पुरते दोन फेरे.
एक दाता चुकला असेल तर
आत्ता नुसतं अडेल,
चावीनं व्हॉल्व वाकतील.

पहिला फेरा.
दुसऱ्याला मल्लेशीनं श्वास धरला,
मीही.
ठिपक्यासमोर ठिपका आला.

दादा काहीच बोलला नाही.
तेलकट बोटांनी बाटलीचं झाकण आवळलं
आणि माझ्या हातात दिली.

घरी उघडायला आता पक्कड लागेल.